स्वाक्षरीची प्रत आणि आगाऊ पैसे भरणारे वाचक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील जुन्या मराठी घरांचा, त्यांच्या पत्रव्यवहाराचा आणि छायाचित्रांचा मागोवा घेणारा एक ग्रंथ आमचे छोटे मंडळ वाचकांच्या आगाऊ नोंदणीवर प्रसिद्ध करीत आहे. नोंदणी सुरू झाल्यापासून दांडिया बाजारात भेटणाऱ्या परिचितांकडून आणि परगावच्या फोनवरून तेच ते प्रश्न विचारले जात असून त्यांतील बहुतेक ग्रंथाच्या मजकुराविषयी नाहीत, लेखिकेच्या स्वाक्षरीविषयी आणि पैशांविषयी आहेत. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्यांना आश्रयदाता म्हणून नोंदणी करावयाची आहे त्यांनी ती पैसे भरण्यापूर्वी वाचावीत, अशी विनंती आहे.

प्रश्न : नोंदणीचे प्रकार कोणते आणि त्यांत फरक काय?

ग्रंथाची छापील किंमत ६०० रुपये आहे. प्रकाशनपूर्व सवलतीत तो ४५० रुपयांना मिळेल. ही कागदी बांधणीची साधी प्रत असेल. आश्रयदाता प्रत १५०० रुपयांची असून तिला कापडी बांधणी असेल, तिच्यावर लेखिकेची स्वाक्षरी आणि प्रतीचा क्रमांक असेल आणि ती प्रकाशन समारंभाच्या आधी टपालाने रवाना होईल. अशा प्रती फक्त २०० काढावयाच्या आहेत. संपूर्ण आवृत्ती ७०० प्रतींची आहे.

प्रश्न : पंधराशे रुपयांत मी नेमके काय विकत घेत आहे? एका सहीचे नऊशे रुपये का?

सहीचे नऊशे रुपये नाहीत, आणि तसे ते असते तर आम्ही स्वतःच ती प्रत घेतली नसती. पंधराशेतील सहाशे रुपये ही ग्रंथाची छापील किंमत आहे. सुमारे अडीचशे रुपये कापडी बांधणी, पुठ्ठ्याचे खोके आणि टपालखर्च यांत जातात. उरलेले साडेसहाशे रुपये छपाईच्या खर्चात जातात, आणि खरे पाहता हेच या नोंदणीचे प्रयोजन आहे. जुनी छायाचित्रे नीट छापावयाची तर त्या पानांना वेगळा कागद लागतो, आणि सातशे प्रतींच्या आवृत्तीत तो खर्च ४५० रुपयांच्या सवलतीतून निघत नाही. आश्रयदाते नसतील तर ग्रंथ निघेल, परंतु छायाचित्रांची पाने निम्मी करावी लागतील. स्वाक्षरी हा त्या मदतीचा स्वीकार आहे. मात्र जाहिरातीत तिचा उल्लेख करून पैसे घेतल्यामुळे ती आता केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही, ती आमच्यावर बंधनकारक आहे, हेही आम्ही जाणतो.

प्रश्न : आपल्याकडे आधी पैसे भरणाऱ्याला पुस्तक स्वस्त मिळते. येथे ते महाग कसे?

आक्षेप रास्त आहे. प्रकाशनपूर्व सवलत ही मराठी ग्रंथव्यवहारातील जुनी आणि चांगली रीत असून ४५० रुपयांची नोंदणी त्याच रीतीची आहे. जो केवळ वाचक म्हणून आधी पैसे भरतो त्याला सवलत मिळालीच पाहिजे, कारण तो न पाहिलेल्या वस्तूसाठी पैसे अडकवून ठेवतो. आश्रयदात्याची रीत वेगळी आणि तितकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक मराठी ग्रंथांच्या शेवटी आश्रयदात्यांच्या नावांची, गावांची आणि घेतलेल्या प्रतींची यादी छापलेली आढळते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड मर्यादित कंपनी काढून, तिचे भाग (शेअर) विकून आणि गावोगावी वर्गणीदार मिळवून पुरे केले. एक खंड हातात पडल्यावर पुढच्याची वाट पाहणाऱ्या त्या वर्गणीदारांवाचून ते काम तडीस गेले नसते. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळी मराठी ग्रंथांना राजाश्रय होता आणि श्रीसयाजीसाहित्यमालेसारखी माला त्यामुळेच चालली. आता ती सोय नाही, तेव्हा वाचकांकडेच जावे लागते.

दोहोंपैकी कोणतीही नोंदणी करावी. साधी नोंदणी करणारा वाचक कमी प्रतीचा ठरत नाही, आणि त्याच्या ग्रंथात एकही पान कमी नसेल.

प्रश्न : प्रकाशन समारंभात ६०० रुपयांचे पुस्तक घेणारा माणूसही लेखिकेसमोर पान उघडून सही घेईल. मग आम्ही अधिक पैसे कशासाठी दिले?

सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला आणि सर्वांत योग्य प्रश्न हाच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी काही जणांनी अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथासाठी ‘केवळ नोंदणीदारांसाठी स्वाक्षरीची प्रत’ या शब्दांवर विसंबून आगाऊ पैसे भरले होते. पुढे ग्रंथप्रदर्शनात त्याच ग्रंथाच्या सही केलेल्या प्रती मेजावर रचून ठेवलेल्या आणि वर सवलतीत विकल्या जात असलेल्या त्यांना आढळल्या. पैशांचा फरक फार नव्हता. राग आला तो ‘केवळ’ या शब्दाचा.

त्यामुळे या वेळी योजना ठरविताना सर्वांत लांबलेली चर्चा याच मुद्द्यावर झाली. समारंभात लेखिकेने कोणालाही सही देऊ नये, असा एक पर्याय पुढे आला होता. तो आम्ही सोडून दिला. ज्या लेखिकेने आयुष्यभर लोकांच्या दिवाणखान्यांत बसून, त्यांच्या पेट्या उघडवून, त्यांची पत्रे उतरवून घेतली, तिच्यापुढे त्यांच्यापैकीच कोणी पुस्तक धरल्यावर ‘मंडळाचा नियम आहे’ असे सांगून तिने हात मागे घ्यावा, ही कल्पनाच अशोभनीय आहे. शिवाय सही लेखिकेची आहे. तिचा मक्ता विकण्याचा अधिकार प्रकाशकाला नाही. जे आपल्या हाती नाही ते विकू नये, एवढे साधे सूत्र आम्ही धरले.

प्रकाशकाच्या हाती काय असते? क्रमांक असतो, बांधणी असते, प्रत केव्हा पाठवावयाची हे असते आणि ग्रंथातील आश्रयदात्यांच्या यादीत कोणाची नावे छापावयाची हे असते. म्हणून ‘केवळ आश्रयदात्यांसाठी’ असे आम्ही फक्त या चार गोष्टींविषयी म्हटले आहे. क्रमांकित प्रती २०० च निघतील. २०१ वी क्रमांकित प्रत कोणत्याही कारणाने, कोणत्याही पाहुण्यासाठी निघणार नाही. कापडी बांधणीही तेवढ्याच प्रतींना होईल. समारंभात लेखिका ज्यांना सही देईल त्यांच्या प्रतीवर क्रमांक नसेल, आणि मेजावर आधीच सही करून ठेवलेल्या प्रतींची रास विक्रीस ठेवली जाणार नाही. जो रांगेत उभा राहील त्याला सही मिळेल आणि ती त्याच्या समोर केलेली असेल.

उरतो तो न्यायाचा प्रश्न. समारंभातील ग्राहक पुस्तक चाळतो, छायाचित्रे पाहतो आणि मग खिशात हात घालतो. आश्रयदात्याने ग्रंथाचे एकही पान न पाहता पैसे भरलेले असतात. ग्रंथ लांबणीवर पडला, छपाई बिघडली, लेखिका आजारी पडली, तर त्याची झळ प्रथम त्याला बसते. अधिक रक्कम ही जोखीम पत्करून छपाईला केलेली मदत असून सहीची किंमत नाही, आणि हे त्याला पैसे भरण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. ज्यांनी हे खुलासे वाचण्यापूर्वी, सही फक्त आपल्यालाच मिळणार या समजुतीने नोंदणी केली असेल, त्यांनी कळवावे. त्यांना पूर्ण रक्कम परत मिळेल किंवा साध्या प्रतीची नोंदणी करून उरलेले १०५० रुपये परत केले जातील.

प्रश्न : सही प्रत्यक्ष हाताने केलेली असेल याची खात्री काय?

ही शंका घेतल्याबद्दल कोणी संकोच बाळगू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने नोबेल पारितोषिक विजेते गीतकार बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या ‘हाताने सही केलेल्या’ ९०० प्रती प्रत्येकी सुमारे ६०० डॉलरना विकल्या आणि प्रत्येक प्रतीसोबत सही अस्सल असल्याचे पत्रही दिले. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतींची छायाचित्रे एकमेकांशी ताडून पाहिली तेव्हा त्या सह्या यंत्राने काढलेल्या असल्याचे उघड झाले. प्रकाशनसंस्थेला पैसे परत करावे लागले आणि डिलन यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. यंत्राच्या सहीची खूण हीच की ती दर वेळी तंतोतंत सारखी येते. माणसाच्या हाताला तेवढी शिस्त नसते.

आमच्या लेखिकेच्या बाबतीत तर ती मुळीच नाही. सही करण्याची पद्धत पुढीलप्रमाणे आहे. आतील शीर्षकपानाचे सुटे कागद बांधणीपूर्वी लेखिकेच्या घरी नेले जातात आणि सही झाल्यावर ते फर्म्यांबरोबर (घडी घातलेल्या छापील तावांबरोबर) बांधणीस जातात. देशोदेशीचे प्रकाशक ही पद्धत वापरतात, कारण दोनशे जाड पुस्तके एकेक करून उघडून, दाबून धरून त्यांत सही करणे तरुण मनगटालाही जड जाते. लेखिका एका बैठकीत वीस-पंचवीस कागदांपलीकडे जात नाही. प्रत्येक कागदावर ती आधी डाव्या कोपऱ्यात प्रतीचा क्रमांक देवनागरी अंकांत लिहिते, मग मध्ये सही करते आणि खाली त्या दिवसाची तारीख घालते. शेजारी बसलेला कार्यकर्ता त्यावर टिपकागद दाबून कागद बाजूला ठेवतो. बैठकीच्या शेवटाकडे सहीतील अक्षरे आकसत जातात आणि आडनावाची शेवटची वेलांटी पुष्कळदा अर्धीच राहते. आपल्या प्रतीवरील सही शेजाऱ्याच्या प्रतीवरील सहीहून निराळी दिसली तर तक्रार करू नये; तोच तिचा पुरावा आहे.

वेगळ्या चिठ्ठीवर सही घेऊन ती पुस्तकात चिकटवण्याची पद्धतही रूढ आहे आणि तीत काही खोटे नाही, मात्र तसे असल्यास ते आधी सांगावे लागते. आम्ही ती पद्धत वापरलेली नाही.

प्रश्न : सहीमुळे पुस्तकाची किंमत पुढे वाढेल का?

गुंतवणूक म्हणून ही प्रत घेऊ नये. सहीमुळे पुस्तकाचे बाजारमोल वाढते ते काही अटी जुळून आल्या तर : लेखकाला मागणी हवी, सह्या केलेल्या प्रती थोड्या हव्यात, आवृत्ती पहिली हवी आणि प्रत स्वच्छ हवी. इंग्रजी पुस्तकांच्या जगात यासाठी विक्रेते, सूच्या आणि लिलाव असे सगळे तंत्र उभे आहे. मराठी पुस्तकांना तसा बाजार जवळपास नाही. मोठमोठ्या लेखकांनी ‘सप्रेम भेट’ लिहून दिलेल्या प्रती रद्दीत वजनावर जातात, आणि त्या उचलणारा रसिक त्यांचे चाळीस-पन्नास रुपये देऊन धन्य होतो. आमची प्रत यास अपवाद ठरेल असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र मोल केवळ बाजारात ठरत नाही. या ग्रंथात बडोद्यातील ज्या घराण्यांची पत्रे आली आहेत त्यांपैकी एखाद्याच्या नातवाला लेखिकेने चार ओळी लिहून दिलेली प्रत पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाच्या हाती पडली, तर ती कागदपत्र म्हणून वाचली जाईल : पत्रे कोणी दिली, लेखिकेची त्या घरी ये-जा होती का, हे त्या चार ओळी सांगतील. संग्राहक अशा संबंध सांगणाऱ्या प्रतीला नुसत्या सहीच्या प्रतीहून वरचढ मानतात, ते उगीच नव्हे.

लेखिकेच्या वयाचा उल्लेख करून ‘पुढे तर किंमत वाढेलच ना’ असे दोघा-तिघांनी विचारले आहे. या प्रश्नाला आम्ही उत्तर देणार नाही.

प्रश्न : सहीबरोबर माझे नाव लिहून मिळेल का? नाव घालावे की नुसती सही बरी?

आश्रयदात्यांना नाव घालून हवे असल्यास नोंदणीच्या वेळी देवनागरीत, सुवाच्य अक्षरांत, जसे हवे तसे लिहून द्यावे. ‘चि. नातवास’, ‘सौ. वहिनींना’ इतपत मजकूर चालेल. आठ-दहा शब्दांपेक्षा अधिक लिहिणे लेखिकेला शक्य नाही. प्रत पुढे विकण्याचा विचार असेल तर नुसती सही बरी, कारण अनोळखी माणसाच्या नावाची प्रत विकत घेणाऱ्याला ती परक्याची वाटते. घरात ठेवावयाची असेल तर निःसंकोच नाव घालून घ्यावे. आमचे मत विचाराल तर नावाची प्रत अधिक जिवंत असते.

प्रश्न : क्रमांक कसे दिले जातात? पहिले क्रमांक मान्यवरांसाठी राखून ठेवले आहेत का?

नाहीत. पैसे जमा झाल्याच्या क्रमाने क्रमांक दिले जात आहेत; एकाच दिवशी आलेल्या नोंदणींत बँकेच्या उताऱ्यातील वेळ पाहिली जाते. मंडळाच्या सदस्यांनाही रांगेतच यावे लागले. प्रमुख पाहुणे, अभिप्रायासाठी पाठवावयाच्या प्रती आणि वृत्तपत्रे यांना साध्या बांधणीच्या प्रती दिल्या जातील. १, ११, १०० अशा क्रमांकांसाठी अधिक पैसे देऊ करणाऱ्यांचे आम्ही आभार मानतो, परंतु तसा व्यवहार करणार नाही.

प्रश्न : प्रकाशनानंतर ग्रंथ आणखी स्वस्त विकला गेला तर?

विक्रेत्यांना कमिशन द्यावे लागते आणि प्रदर्शनांत सवलतही द्यावी लागते, त्यामुळे सहाशे रुपये ही किंमत सर्वत्र टिकणार नाही. तथापि मंडळाकडून होणारी विक्री पहिली दोन वर्षे ४५० रुपयांच्या खाली होणार नाही. आधी पैसे भरणाऱ्याने नंतर येणाऱ्यापेक्षा अधिक दराने घेतल्यासारखे होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. दोन वर्षांनंतर शिल्लक प्रती कमी दराने काढाव्या लागल्याच, तर तो दर प्रथम सर्व नोंदणीदारांना कळविला जाईल आणि त्यांना आणखी प्रती घेण्यासाठी महिनाभराचा अवधी मिळेल. दुकानदाराने स्वतःच्या कमिशनमधून काय सोडावे यावर मात्र आमचे नियंत्रण नाही.

प्रश्न : दुसरी आवृत्ती निघाल्यास तिच्यावरही सह्या आणि क्रमांक असतील का?

लेखिकेची इच्छा असल्यास सह्या असतील, क्रमांक नसतील. दुसऱ्या आवृत्तीत चुका दुरुस्त होतील आणि कदाचित नवी पत्रेही येतील. त्या वेळी पहिल्या आवृत्तीच्या आश्रयदात्यांना शुद्धिपत्र आणि नव्या मजकुराची पुस्तिका विनामूल्य पाठविली जाईल. अधिक पैसे दिलेल्या माणसाकडे जुनाच, चुकांचा ग्रंथ राहावा हे बरोबर नाही.

प्रश्न : ग्रंथ लांबला किंवा लेखिका सह्या पूर्ण करू शकल्या नाहीत तर काय?

ठरलेल्या तारखेपासून तीन महिन्यांहून अधिक उशीर झाल्यास कोणीही कारण न देता पैसे परत मागू शकतो. ही रक्कम मंडळाच्या दैनंदिन खर्चापासून वेगळ्या खात्यात ठेवलेली असून छापखान्याला आगाऊ द्यावयाचा भाग वगळता बाकीची रक्कम छापील पाने बांधणीस जाईपर्यंत खर्च केली जाणार नाही. प्रकृतीमुळे काही कागद सहीविना राहिले, तर त्या क्रमांकांच्या आश्रयदात्यांना आधी कळविले जाईल आणि मग पूर्ण परतावा, किंवा सहीविना क्रमांकित प्रत व ५०० रुपये परत, यांपैकी जे त्यांना हवे ते दिले जाईल. कोणाचाही हात लेखिकेच्या सहीसाठी वापरला जाणार नाही, घरच्या माणसाचाही नाही.

या आश्वासनांना कायद्याचेही पाठबळ आहे, हे सांगून ठेवतो. जे सांगून पैसे घेतले ते न देणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रारीचा विषय होऊ शकतो, आणि प्रकाशन हे साहित्यसेवेचे काम आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

प्रश्न : ही देणगी आहे का? ८० जी ची पावती मिळेल का?

ही देणगी नाही, विक्री आहे. त्यामुळे करसवलतीची पावती मिळणार नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, म्हणून बिलात तोही लावलेला नाही.

प्रश्न : यादीत नाव नको असेल तर?

तसे कळवावे. ‘एक वाचक, बडोदे’ असेही छापता येईल.

प्रश्न : स्वाक्षरीची प्रत जपावी कशी? बडोद्याच्या हवेत सही टिकेल का?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घरांत शिरले तेव्हा तळमजल्यावरील कपाटे ज्यांनी उपसली त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे : छपाईची शाई पाण्यात पुष्कळशी तग धरते, फाउंटन पेनची साधी निळी शाई मात्र पसरून निळसर डाग तेवढा उरतो. म्हणून सह्यांसाठी जलरोधक काळी शाई वापरली आहे. लेखिकेला फाउंटन पेनच हवे होते आणि बॉलपेनला त्यांचा ठाम नकार होता. अखेर त्याच पेनात ही शाई भरून, सही केलेल्या एका रद्द कागदावर पाणी ओतून पाहिल्यावर दोन्ही पक्षांचे समाधान झाले. सहीचे पान मॅपलिथो कागदाचे ठेवले आहे, कारण छायाचित्रांसाठीच्या गुळगुळीत कागदात शाई मुरत नाही आणि बोट लागले की पुसट होते.

प्रत खालच्या फळीवर ठेवू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवल्यास आत ओल धरते आणि पावसाळ्यानंतर पानांवर तांबूस ठिपके पडतात; त्यापेक्षा कपाटात उभी, भिंतीपासून चार बोटे सुटी ठेवावी आणि दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढून सावलीत वारा द्यावा. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या पानांत घालू नयेत, कपाटाच्या कोपऱ्यात ठेवाव्यात. सहीच्या पानावर सेलोटेप, रबरी शिक्का किंवा लॅमिनेशन यांपैकी काहीही लावू नये.

प्रश्न : माझी प्रत ग्रंथालयाला दिली तर सहीचे मोल जाते का?

शिक्का आणि दाखल क्रमांक पडल्यावर संग्राहकाच्या लेखी प्रतीची किंमत उतरते, हे खरे आहे. परंतु सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेतून बोलावून ज्या संस्थानात गावोगावी ग्रंथालये उभी केली, त्या बडोद्यात प्रत ग्रंथालयाला देऊ नका असे आम्ही कसे सांगावे? देताना सहीच्या पानावर शिक्का मारू नये, अशी लेखी विनंती करावी. ग्रंथपाल सहसा ती मानतात. प्रत ग्रंथालयाच्या नावाने सही करून हवी असेल तर नोंदणीच्या वेळी तसे लिहावे.

प्रश्न : प्रत खराब अवस्थेत मिळाल्यास?

खोके उघडतानाचे छायाचित्र पाठवावे. बांधणीत दोष असेल, फर्मा उलटा लागला असेल किंवा पाने कोरी असतील, तर साधी प्रत तत्काळ बदलून मिळेल. क्रमांकित प्रत मात्र बदलता येत नाही, कारण त्या क्रमांकाचा दुसरा कागदच नाही. ती आमच्याकडे परत घेऊन, सहीचे पान जपून, नव्याने बांधून दिली जाईल आणि जाण्यायेण्याचा टपालखर्च मंडळ करील. त्यास तीन-चार आठवडे लागतात, कारण कापडी बांधणी हाताने करणारे कारागीर आता थोडे उरले आहेत आणि लग्नसराईत ते पत्रिकांच्या पेट्या करण्यात गुंतलेले असतात.